नेता व्हायचे आहे? मग गोपाळाची गोष्ट ऐका



दरवर्षी शाळा सुरू झाली की आम्ही शिक्षक सातवीच्या मुलांना एक नेहमीचा प्रश्न विचारतो. मोठेपणी कोण होणार? डॉक्टर, इंजिनिअर, सैन्यात अधिकारी, क्रिकेटपटू अशी उत्तरे येतात. यंदा एका मुलाने उभे राहून सांगितले की आपल्याला आमदार व्हायचे आहे. सगळा वर्ग हसला. खरे सांगायचे तर आम्हीही हसलो. मुलगा मान खाली घालून बसला.

पुढच्या पालक सभेला त्याचे वडील भेटले. तेही काळजीत होते. पोराच्या डोक्यातून हे खूळ काढा, अभ्यासाकडे लक्ष द्यायला सांगा, अशी त्यांची विनंती होती. त्यांचे काही चुकले असे आम्हाला वाटत नाही. आपण सीमाभागातली माणसे. राजकारण आपल्या मुलांच्या कानांवर पाळण्यापासून पडते. घोषणा, मोर्चे, निवडणुकीचे भोंगे हे सारे त्यांना पाठ असते. त्यामुळे राजकारण म्हणजे एवढेच, अशी समजूत मुलांची होते आणि मोठ्यांचीही होते.

त्या दिवसापासून आमच्या मनात एक प्रश्न राहिला. एखाद्या मुलाला खरोखरच देशाच्या कारभारात काम करायचे असेल, तर त्याला घरच्यांनी आणि शाळेने काय द्यावे? उत्तर शोधताना आम्हाला आपल्या जवळच्याच एका गावाची आठवण झाली. बेळगावहून कोल्हापूरला जाताना निपाणी सुटते, कोगनोळी मागे पडते आणि कागल येते. या कागलमध्ये दीडशे वर्षांपूर्वी एक मुलगा पाटी-दप्तर घेऊन शाळेत जात होता. त्याचे नाव गोपाळ कृष्ण गोखले.

पंधरा रुपयांतले आठ रुपये

गोपाळचा जन्म ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक या खेड्यात झाला. वडील कृष्णराव पोटापाण्यासाठी घाट चढून कागलला आले होते. कागल ही तेव्हा कोल्हापूर संस्थानातील जहागीर होती. कृष्णराव तिथे आधी कारकून होते, पुढे फौजदार झाले. घरात दोन मुलगे आणि चार मुली. मोठा गोविंद आणि धाकटा गोपाळ. कागलची शाळा संपल्यावर दोघे भाऊ इंग्रजी शिकण्यासाठी कोल्हापूरला राहू लागले.

१८७९ साली वडील वारले. गोपाळ तेव्हा तेरा वर्षांचा होता. आई आणि बहिणी कोकणात चुलत्यांकडे गेल्या. गोविंदराव स्वतः शिकत होते. वयाची विशीही झाली नव्हती. त्यांनी शिक्षण सोडले आणि कागलला महिना पंधरा रुपयांची नोकरी धरली. त्या पंधरांतले आठ रुपये ते कोल्हापूरला गोपाळला पाठवीत. उरलेल्या सात रुपयांत बाकीचा संसार चाले.

मुलांनो, ही वजाबाकी तुम्हाला सोपी वाटेल. पण घर चालवणाऱ्याला विचारा, ती किती अवघड असते ते.

गोपाळला याची जाणीव होती. तो हाताने स्वयंपाक करी आणि एकेक पैसा जपून वापरी. एकदा एका मित्राने त्याला नाटकाला नेले आणि नंतर तिकिटाचे दोन आणे मागितले, अशी एक गोष्ट सांगतात. गोपाळला ते आमंत्रण वाटले होते. पण त्याने वाद घातला नाही. पैसे दिले आणि पुढे काही दिवस इतर खर्चात ते भरून काढले.

१८८१ साली गोपाळ मॅट्रिक झाला. आता नोकरी करून भावाचा भार हलका करावा असे त्याच्या मनात होते. पण भाऊ आणि वहिनी दोघांनी ऐकले नाही. कॉलेजच्या खर्चासाठी वहिनी अंगावरचे दागिने विकायला तयार झाल्या, असे चरित्रकार सांगतात. गोपाळ कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात गेला, मग पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आणि शेवटी मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात. १८८४ साली, वयाच्या अठराव्या वर्षी तो बी. ए. झाला.

गोपाळ पुढे मोठा नेता होईल हे त्या भाऊ-वहिनीला ठाऊक नव्हते. ठाऊक नसतानाही त्यांनी दिले. आज गोखल्यांचे नाव पुस्तकात आहे आणि गोविंदरावांचे नाव फारसे कुणाला माहीत नाही. आम्हाला मात्र वाटते की या चरित्राचे पहिले पान त्यांचे आहे.

मास्तर झाले, आणि पुन्हा विद्यार्थी झाले

पदवी मिळाल्यावर चार पैशांच्या नोकरीची वाट मोकळी होती. पण गोखले १८८५ साली पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये पस्तीस रुपयांवर शिक्षक झाले. पुढे डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य होऊन त्यांनी फर्ग्युसन कॉलेजात इंग्रजी, गणित, इतिहास, अर्थशास्त्र असा जो पडेल तो विषय शिकवला. त्यांनी अंकगणिताचे पुस्तक तयार केले. ते शाळाशाळांत पोचले.

याच काळात त्यांना गुरू भेटले. पहिली भेट मोठी गमतीची होती. पुण्यात हिराबागेत शाळेचा समारंभ होता. दारावर निमंत्रणपत्रिका तपासायचे काम तरुण गोखल्यांकडे होते. एक भारदस्त गृहस्थ पत्रिका न आणता आले. गोखल्यांनी त्यांना अडवले. दुसऱ्या एका गृहस्थांनी धावत येऊन त्यांना आत नेले, तेव्हा कळले की हे तर समारंभाचे प्रमुख पाहुणे न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे!

रानड्यांना राग आला नाही. थोड्याच वर्षांत ते गोखल्यांचे मार्गदर्शक झाले. इथे आमच्या मूळ प्रश्नाचे खरे उत्तर सापडते, म्हणून थोडे थांबून सांगतो.

राजकारणाची आवड असलेल्या या हुशार तरुणाला रानड्यांनी आधी व्यासपीठ दिले नाही. त्यांनी त्याच्यापुढे सरकारी अहवाल ठेवले. जमीन महसूल किती, मिठाचा कर किती, सैन्यावर खर्च किती, शिक्षणावर किती. हे आकडे वाच, मागच्या वर्षांशी ताडून बघ, मग सरकारला पाठवायचा अर्ज लिहून आण. गोखले लिहून आणीत. रानडे तो मसुदा तपासत. युक्तिवाद कच्चा असला की परत लिहायला लावीत. तोंडभर स्तुती करण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता. काम ठीक झाले एवढे म्हटले तरी शिष्याला भरून पावल्यासारखे होई. कितीतरी वर्षे हे चालले. सार्वजनिक सभेचे त्रैमासिक गोखल्यांनी सांभाळले आणि १८९० साली ते सभेचे चिटणीसही झाले. रानडे १८९३ साली हायकोर्टाचे न्यायाधीश होऊन मुंबईला गेले, तरी हे नाते तुटले नाही.

म्हणजे पाहा, आमच्या वर्गात ज्या मुलाला आम्ही हसलो, तसा मुलगा रानड्यांपुढे आला. रानडे हसले नाहीत आणि त्यांनी त्याला डोक्यावरही घेतले नाही. त्यांनी त्याला गृहपाठ दिला.

चूक झाली तेव्हा

या गृहपाठाचे फळ १८९७ साली दिसले. हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करण्यासाठी लंडनमध्ये वेल्बी आयोग बसला होता. तिथे साक्ष देण्यासाठी दिनशा वाच्छा, सुरेंद्रनाथ बॅनर्जी अशा ज्येष्ठांबरोबर गोखलेही गेले. वय अवघे तीस. पण आयोगाच्या सभासदांनी विचारलेल्या उलटसुलट प्रश्नांना त्यांनी अशी उत्तरे दिली की नाव झाले.

आणि लगेच पुढच्याच महिन्यांत आयुष्यातला सर्वांत कठीण प्रसंग आला.

पुण्यात तेव्हा प्लेगची साथ होती. घरे तपासण्यासाठी गोरे सैनिक घरांत शिरत. त्यांच्या अत्याचारांच्या हकीकती पुण्याहून पत्रांतून गोखल्यांना इंग्लंडमध्ये कळल्या. दोन स्त्रियांवर अत्याचार झाला आणि त्यांतील एकीने जीव दिला, असेही एका पत्रात होते. गोखल्यांचे मन पेटले. त्यांनी हा आरोप इंग्लंडमध्ये जाहीर केला. तो वर्तमानपत्रात छापून आला, पार्लमेंटात प्रश्न झाले. सरकारने पुरावा मागितला.

जुलैअखेर गोखले मुंबईला उतरले. ज्यांनी पत्रे लिहिली होती, त्यांच्याकडे त्या विशिष्ट आरोपाचा पुरावा मागितला. कुणीही पुढे यायला तयार झाले नाही. जून महिन्यात पुण्यात रँडवर गोळी झाडली गेली होती, वातावरण दहशतीचे होते. गोखल्यांपुढे दोन वाटा होत्या. पत्र लिहिणाऱ्यांची नावे सांगून आपली मान सोडवून घ्यायची, किंवा आरोप सिद्ध करता येत नाही म्हणून तो मागे घ्यायचा. त्यांनी नावे सांगितली नाहीत. ऑगस्टमध्ये वर्तमानपत्रातून त्यांनी आरोप मागे घेतला आणि बिनशर्त माफी मागितली.

लोक खवळले. त्यांना भित्रा म्हटले गेले. ज्या पुण्यात ते वाढले तिथेच त्यांची हेटाळणी झाली. काँग्रेसच्या त्या वर्षीच्या अमरावती अधिवेशनातही नाराजीचा सामना करावा लागला. या माफीबद्दल आजही दोन मते आहेत. प्लेगच्या काळात लोकांचा छळ झाला होता हे खरेच होते, मग इतकी पूर्ण माफी कशाला, असे काहींना वाटते. आम्हाला मात्र मुलांना एवढेच सांगावेसे वाटते की, जे सिद्ध करता येत नाही ते खरे म्हणून रेटायचे नाही, आणि आपली चूक दुसऱ्याच्या माथी मारायची नाही, या दोन गोष्टी त्यांनी स्वतःची पत घालवून पाळल्या. त्यानंतर ते घरात बसून राहिले नाहीत. प्लेग पुन्हा आला तेव्हा ते पुण्यात स्वयंसेवक म्हणून रुग्णांसाठी राबले. बोलण्यातून गेलेली पत त्यांनी कामातून परत मिळवली.

मिठाचा कर

१८९९ साली गोखले मुंबई कायदेमंडळात निवडून आले. १९०१ साली जमीन महसुलाच्या एका विधेयकाला विरोध करताना ते फिरोजशहा मेहतांबरोबर सभात्याग करून बाहेर पडले. १९०२ साली कलकत्त्याला व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात त्यांची निवड झाली. त्याच वर्षी त्यांनी फर्ग्युसन कॉलेज सोडले.

२६ मार्च १९०२ रोजी त्यांचे अंदाजपत्रकावरचे पहिले भाषण झाले. सरकार खजिन्यात शिल्लक आहे म्हणून समाधानात होते. गोखल्यांनी आकडे मांडून दाखवले की देशात दुष्काळ आणि प्लेग असताना उरलेली ही शिल्लक सुबत्तेची खूण नाही, लोकांकडून गरजेपेक्षा जास्त कर घेतला जातो आहे. आवाज चढवला नाही, कुणाला शिवी दिली नाही. पण त्यांनी मांडलेले आकडे खोडून काढणे सोपे नव्हते. कर्झनसारखा गर्विष्ठ व्हाइसरॉयही त्यांना मान देत असे.

मिठावरच्या करावर ते १८९० साली काँग्रेसच्या कलकत्ता अधिवेशनात बोलले होते. पुढे कायदेमंडळातही ते तो विषय लावून धरत राहिले. गरिबाच्या भाकरीबरोबर लागणाऱ्या मिठावर मणामागे अडीच रुपये कर होता. १९०३ साली तो दोन रुपये झाला, १९०५ साली दीड आणि १९०७ साली एक रुपया. हे एकट्या गोखल्यांचे यश नव्हते. पण एकच विषय सतरा वर्षे न सोडणे म्हणजे काय, हे यातून कळते.

१९०५ साली, एकोणचाळिसाव्या वर्षी, ते काँग्रेसच्या बनारस अधिवेशनाचे अध्यक्ष झाले.

राजकारणाची शाळा

त्याच वर्षी १२ जून रोजी त्यांनी पुण्यात भारत सेवक समाज स्थापन केला. सुरुवातीला गोखले धरून चौघेच होते. देशाचे काम करू इच्छिणाऱ्या तरुणांना तयार करणारी ही संस्था होती. सभासदाला शपथ घ्यावी लागे. देश पहिला, स्वतःचा लाभ पाहायचा नाही, सर्व जातीधर्मांच्या लोकांना बंधू मानायचे, संस्था देईल तेवढ्यावर संसार करायचा, कुणाशी वैयक्तिक भांडण करायचे नाही. पहिली पाच वर्षे उमेदवारीची असत. त्यांत अभ्यास करायचा आणि देश फिरून पाहायचा.

रानड्यांनी जे आपल्याला दिले ते गोखल्यांनी पुढच्यांना दिले. मोहनदास गांधी त्यांना आपले राजकीय गुरू मानत. १९१२ साली गोखले आजारी असतानाही दक्षिण आफ्रिकेत गेले आणि तिथल्या भारतीयांची स्थिती त्यांनी पाहिली. जानेवारी १९१५ मध्ये गांधीजी कायमचे भारतात परतले. तिकडे मोठा लढा लढवून आलेला हा माणूस. त्यालाही गोखल्यांनी सांगितले की वर्षभर देश फिरून बघा, लोकांचे ऐका, जाहीर मते मांडू नका. गांधीजींनी ते मानले.

शाळेसाठी हरलेली लढाई

आपली शाळा आहे, म्हणून एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. १६ मार्च १९११ रोजी गोखल्यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याचे विधेयक कायदेमंडळात मांडले. मागणी माफक होती. सहा ते दहा वर्षांच्या मुलग्यांपासून सुरुवात करावी, जिथे शाळांचा प्रसार बऱ्यापैकी झाला आहे तिथे आधी करावे. बडोद्यात सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली भागात आणि १९०६ साली सर्व राज्यात ही सक्ती केलीच होती. संस्थानाला जमते ते ब्रिटिश सरकारला का जमू नये, असा सरळ प्रश्न होता. सरकारला ते नको होते आणि काही हिंदी सभासदही विरोधात गेले. मार्च १९१२ मध्ये ३८ विरुद्ध १३ मतांनी विधेयक पडले.

हरणार हे गोखल्यांना आधीच दिसत होते. तरी त्यांनी पूर्ण तयारीनिशी बाजू मांडली. पुढे २००२ साली शिक्षण हा राज्यघटनेत मूलभूत हक्क झाला आणि १ एप्रिल २०१० पासून सहा ते चौदा वर्षांच्या सर्व मुलामुलींसाठी शिक्षण हक्क कायदा लागू झाला. पडलेल्या विधेयकानंतर जवळजवळ शंभर वर्षांनी!

गोखल्यांना मधुमेह होता आणि कामाचा ताण सतत होता. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. वय अवघे अठ्ठेचाळीस. लोकमान्य टिळक तेव्हा सिंहगडावर होते. दोघांचे मार्ग वेगळे, आयुष्यभर मतभेद, सुरतेला १९०७ साली काँग्रेस दुभंगली तेव्हा दोघे समोरासमोर. पण बातमी कळताच टिळक खाली आले आणि स्मशानभूमीत त्यांनी आपल्या प्रतिस्पर्ध्याचा मोठ्या मनाने गौरव केला. मतभेद असावेत, वैर नसावे, हा धडा दोघांनी मिळून दिला.

मग आम्ही काय केले

पालकहो, कायद्याने अठराव्या वर्षी मत देता येते, एकविसाव्या वर्षी ग्रामपंचायतीला आणि पंचविसाव्या वर्षी विधानसभेला उभे राहता येते. म्हणजे आमच्या त्या सातवीतल्या मुलाला तयारीला भरपूर वेळ आहे. मुलाने असे स्वप्न सांगितले तर त्याला हसू नये आणि रागावूही नये. लगेच एखाद्या नेत्यामागे झेंडा घेऊन पाठवू नये. त्याला ग्रामसभेला न्यावे, महापालिकेचे अंदाजपत्रक कसे असते ते दाखवावे. मराठीबरोबर कन्नड आणि इंग्रजी वर्तमानपत्र वाचायला लावावे. एक आकडा दिला की तो कुठून आला हे विचारावे. चूक कबूल केली तर शाबासकी द्यावी.

आम्ही त्या मुलाची माफी मागितली आणि रानड्यांप्रमाणे त्याला गृहपाठ दिला. शाळेतील नळ मोजून ये, गळके किती ते लिही आणि मुख्याध्यापकांना अर्ज कर. त्याने चौदा नळ आणि पाच गळके असे लिहून आणले. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रार्थनेआधीच तो आमच्याकडे आला. एक नळ दोनदा मोजला गेला होता, तेरा आहेत, अर्ज बदलून देतो म्हणाला. कुणी पकडले नव्हते, त्याचे त्यालाच कळले होते.

अर्ज आता विश्वस्त मंडळाकडे गेला आहे. पाचही नळ अजून गळतच आहेत. विश्वस्तांना आमची नम्र विनंती आहे की उत्तर लवकर द्यावे. अर्जदार रोज मधल्या सुट्टीत येऊन विचारतो.